मृत्यू मनामात, घर वसईत : ख्रिस्ती मराठी कुटुंबाचा वारसा कोणत्या कायद्याने?

समजा, वसईचा एक ख्रिस्ती अभियंता वीस वर्षे बहरीनमध्ये नोकरी करतो. जुफेरमध्ये परदेशी नागरिकांना विकत घेता येतो असा एक फ्लॅट तो स्वतःच्या नावावर घेतो. त्याची किंमत ७२ हजार दिनार. एके दिवशी हृदयविकाराच्या झटक्याने तो मनामात मरण पावतो. मागे पत्नी, एक मुलगा, एक मुलगी आणि वसईला वृद्ध आईवडील. मृत्युपत्र केलेले नाही. त्या फ्लॅटमध्ये कोणाचा किती वाटा?

उत्तर कोणता कायदा लावायचा यावर अवलंबून आहे, आणि हा फरक थोडाथोडका नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ लावला, तर पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलगा व मुलगी यांना समान, म्हणजे तिघांना प्रत्येकी २४ हजार दिनार. आईवडिलांना काहीही नाही. हाच माणूस गोव्याचा असता आणि गोव्यातील रिवाजाप्रमाणे विवाह झालेला असता, तर पत्नी मुळातच अर्ध्या मालमत्तेची मालकीण ठरली असती. तिचे ३६ हजार, मुलांचे प्रत्येकी १८ हजार. तो हिंदू मराठी असता तर पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई या चौघांना प्रत्येकी १८ हजार मिळाले असते, वडील मात्र वगळले गेले असते. आणि इस्लामी वारसा कायद्याचे गणित केले असते, तर पत्नीला ९, आईला १२, वडिलांना १२, मुलाला २६ आणि मुलीला १३ हजार. घर एकच, माणसे तीच, आणि वाटण्या चार.

बहरीनमधील मराठी माणसांत ख्रिस्ती कुटुंबे संख्येने थोडी असली तरी नवी नाहीत. वसई, मुंबई, अहमदनगर, गोवा या भागांतून गेलेले अभियंते, लेखनिक, परिचारिका, शिक्षक तेथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. ‘आपला ख्रिस्ती कायदा’ असा शब्दप्रयोग या कुटुंबांत सहज होतो. हा कायदा नक्की कोणाचा, याची चौकशी मात्र बहुधा घरात कोणी गेल्यावरच सुरू होते.

न्यायालय बहरीनचे, कायदा भारताचा

बहरीनमध्ये मुस्लिमांच्या विवाह-वारशाचे विषय शरिया न्यायालयांकडे जातात. मुस्लिमेतरांचे तेच विषय दिवाणी न्यायालयांच्या अखत्यारीत येतात. परदेशी मुस्लिमेतर माणसाच्या वारशाला त्याच्या राष्ट्रीयत्वाचा कायदा लावावा, हे तेथील सर्वसाधारण तत्त्व आहे. परदेशी घटक असलेल्या दिवाणी व व्यापारी बाबींत कोणत्या देशाचा कायदा लागू करावा, यासाठी बहरीनने २०१५ मध्ये स्वतंत्र कायदाही (क्रमांक ६) केला. म्हणजे वसईच्या अभियंत्याच्या कुटुंबावर इस्लामी वाटणी लादली जाईल, ही आखातात वारंवार ऐकू येणारी भीती बहरीनपुरती तरी अनाठायी आहे. खरी अडचण त्यानंतर सुरू होते.

न्यायाधीश ‘भारताचा कायदा’ शोधू लागतो, आणि वारशाच्या बाबतीत भारताचा असा एक कायदा नाही. हिंदूंसाठी १९५६ चा अधिनियम, मुस्लिमांसाठी त्यांचा व्यक्तिगत कायदा, ख्रिस्ती व पारशी यांच्यासाठी १९२५ च्या अधिनियमातील वेगवेगळी प्रकरणे, गोवा, दमण व दीव येथे पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा, आणि २७ जानेवारी २०२५ पासून उत्तराखंडाची स्वतःची समान नागरी संहिता. अरब देशांच्या दिवाणी संहितांत अशा वेळी रूढ नियम असा, की त्या देशाच्या अंतर्गत कायद्यानेच ठरवावे की अनेकांपैकी कोणता नियम लागू होतो. नियम वाचायला सोपा आहे. मनामातील न्यायालयापुढे, अरबी भाषांतरात, वसईचा ख्रिस्ती आणि म्हापशाचा ख्रिस्ती यांच्यातला भेद सिद्ध करणे सोपे नाही.

त्यात आणखी एक पेच. स्थावर मालमत्ता जेथे असेल तेथील कायद्याने तिचा वारसा ठरावा, ही इंग्रजी परंपरा भारताने स्वीकारली आहे. १९२५ च्या अधिनियमाचे पाचवे कलम भारतातील स्थावराला भारताचा कायदा लावते, मग मृताचा अधिवास कोठेही असो. जंगम मालमत्तेला मात्र मृत्यूसमयीच्या अधिवासाचा कायदा. या दृष्टीने पाहिले तर जुफेरच्या फ्लॅटचा प्रश्न भारत बहरीनच्या कायद्याकडे टोलवतो आणि बहरीन तो भारताकडे. अरब संहितांनी या टोलवाटोलवीवर साधा उपाय योजलेला असतो. परक्या कायद्याकडे जायचे ते त्याच्या प्रत्यक्ष वाटणीच्या नियमांसाठी, त्याच्या ‘कोणता कायदा लागू’ या नियमांसाठी नव्हे. म्हणून अखेर वसईकराचा वाटा १९२५ च्या अधिनियमानेच ठरतो.

ज्याला ख्रिस्ती कायदा म्हणतात

या अधिनियमात ख्रिस्ती असे काय आहे? बायबलमध्ये पत्नीला एक तृतीयांश द्यावा असे कोठेही लिहिलेले नाही. जुन्या करारातील गणना या ग्रंथात सलाफहादच्या पाच मुलींची कथा येते. मुलगा नसेल तर मुलींना वारसा द्यावा, असा निवाडा तेथे आहे. पण मुलगा असताना मुलीला समान वाटा देणारा नियम तेथे नाही. नव्या करारात तर दोघा भावांच्या वाटणीचा निवाडा करण्यास येशूने स्पष्ट नकार दिल्याचा प्रसंग लूकच्या शुभवर्तमानात आहे. वारशाचे गणित ख्रिस्ती धर्माने बहुतांशी राज्यकर्त्यांवर सोपवले.

भारतात ते सोपवले गेले इंग्रजांवर. धर्मांतर केलेल्या माणसाला वडिलोपार्जित मालमत्तेतून बाहेर काढले जाऊ नये म्हणून १८५० चा एकविसावा अधिनियम झाला. पुढे बेळ्ळारीच्या अब्राहम कुटुंबाच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १८६३ मध्ये ठरवले, की धर्मांतरित हिंदू आपला जुना रिवाज टाकूही शकतो आणि ठेवूही शकतो. कोणी काय ठेवले, हे प्रत्येक खटल्यात नव्याने सिद्ध करावे लागणार होते. दोनच वर्षांनी आलेल्या १८६५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाने ही अनिश्चितता संपवली आणि भारतीय ख्रिस्ती माणसाला इंग्रजी धाटणीचा वारसा दिला. १९२५ चा अधिनियम त्याचाच संकलित अवतार आहे. म्हणजे अहमदनगरच्या मराठी मिशनच्या परिसरातील कुटुंबाला आज लागू असलेला ‘ख्रिस्ती कायदा’ व्हिक्टोरिया राणीच्या काळातील विधिज्ञांनी लंडनच्या नमुन्यावर बेतलेला आहे.

त्यात काही गोष्टी काळाच्या फार पुढे होत्या. मुलगा आणि मुलगी यांना समान वाटा १८६५ पासून. हिंदू मुलीला वडिलांच्या मालमत्तेत असा वाटा मिळण्यासाठी १९५६ उजाडावे लागले. हा समान वाटा केरळच्या त्रावणकोर भागातील ख्रिस्ती मुलींना मात्र मिळत नव्हता, कारण तेथे संस्थानी कायदा चालू राहिला होता. मेरी रॉय यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ फेब्रुवारी १९८६ रोजी निकाल दिला आणि १९२५ चा अधिनियम तेथेही लागू असल्याचे ठरवले. आखातातील भारतीय ख्रिस्ती समाजात केरळीयांचे प्रमाण लक्षात घेता, बहरीनमधील भारतीय कुटुंबांवर या एका निकालाचा परिणाम केवढा झाला असेल याची कल्पना करता येते.

काही गोष्टी मात्र खटकतात. मुले असतील तर आईवडिलांना काहीच नाही. मुले नसतील, तर पत्नीला अर्धे आणि वडील हयात असल्यास उरलेले सर्व वडिलांना. वडील असताना आईला काहीही नाही. आखातातून दरमहा आईच्या औषधांचे पैसे पाठवणाऱ्या मुलाच्या मनात असा वाटा कधीच नसतो. पण मृत्युपत्र नसताना त्याचे मन विचारायला कायदा जात नाही.

चिमाजी अप्पा आणि नागरी संहिता

वसई आणि गोवा दोन्हीकडे ख्रिस्ती समाज पोर्तुगीज राजवटीत वाढला. वसई १५३४ मध्ये पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. पोर्तुगालची नागरी संहिता १८६७ ची. ती १८६९ च्या फर्मानाने समुद्रापलीकडील प्रांतांना लागू झाली आणि १ जुलै १८७० पासून गोव्यात अमलात आली. मराठ्यांनी वसई घेतली नसती, तर वसईच्या ख्रिस्ती विधवेचा आजचा वाटा बहुधा वेगळा असता. इतिहासाचे असे धागे न्यायालयात कोणी सांगत नाही, पण दिनारांच्या हिशेबात ते दिसतात.

गोव्याची व्यवस्था निराळी आहे. विवाहापूर्वी लेखी करार करून पती-पत्नींनी वेगळी पद्धत निवडली नसेल, तर त्यांची मालमत्ता एकत्र होते आणि दोघे अर्ध्या-अर्ध्या हिश्शाचे मालक होतात. पतीच्या मृत्यूनंतर पत्नी तिच्या अर्ध्या हिश्शाची वारस नसते. तो हिस्सा आधीपासूनच तिचा असतो. वाटणी होते ती फक्त पतीच्या अर्ध्याची. त्यातही मृत्युपत्राने स्वेच्छेने देता येतो तो त्याच्या हिश्शाचा अर्धा भाग. उरलेला मुलांसारख्या वारसांसाठी राखीव. ही जुनी तत्त्वे गोवा विधानसभेने २०१२ च्या उत्तराधिकार, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कार्यवाही अधिनियमात नव्याने मांडली आणि तो डिसेंबर २०१६ मध्ये अमलात आला. विशेष म्हणजे ही व्यवस्था गोव्याच्या हिंदूंनाही जवळपास तशीच लागू आहे. तिचा उगम ख्रिस्ती देशात असला तरी तिला ख्रिस्ती कायदा म्हणता येत नाही.

याउलट, १९२५ च्या अधिनियमाचे विसावे कलम सांगते, की विवाहामुळे कोणालाही जोडीदाराच्या मालमत्तेत हक्क उत्पन्न होत नाही. वसईच्या पत्नीने वीस वर्षे मनामात घर सांभाळले, स्वतःचा पगार घरखर्चात घातला आणि नवऱ्याच्या पगारातून फ्लॅटचे हप्ते गेले, तरी तो फ्लॅट नवऱ्याचाच. ती फक्त वारस. शेजारच्या इमारतीतील मडगावची तिची मैत्रीण अर्धी मालकीण. दोघी एकाच रविवारी, एकाच चर्चमध्ये, एकाच पूजाविधीने विवाहबद्ध झालेल्या असू शकतात.

मडगावच्या या मैत्रिणीचेही सर्व सुरळीत आहे असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने १३ सप्टेंबर २०१९ रोजी ठरवले, की गोव्याचा अधिवास असलेल्या माणसाची भारतात अन्यत्र असलेली मालमत्ताही पोर्तुगीज नागरी संहितेनेच वाटली जाईल. त्या खटल्यातील मालमत्ता मुंबईत होती. निकालाची मर्यादा भारताची सीमा आहे. जुफेरच्या फ्लॅटच्या नोंदणीत फक्त पतीचे नाव असेल, तर त्यातील अर्धा हिस्सा आपला आहे हे त्या पत्नीला बहरीनच्या न्यायालयात स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागेल, आणि हा प्रश्न वारशाचा नसून विवाहाच्या मालमत्ताविषयक परिणामांचा आहे हेही समजावून द्यावे लागेल.

गोव्यातील अनेकांनी पोर्तुगालचे पारपत्र घेतले आहे. अशा माणसाचा बहरीनमध्ये मृत्यू झाला, तर त्याच्या राष्ट्रीयत्वाचा कायदा भारताचा उरतच नाही. तो पोर्तुगालचा होतो. तो देखील १८६७ चा नव्हे, १९६६ च्या नव्या संहितेचा. युरोपीय संघाच्या ऑगस्ट २०१५ पासून लागू झालेल्या उत्तराधिकार नियमावलीत आपल्या राष्ट्रीयत्वाचा कायदा मृत्युपत्रात निवडण्याची सोय आहे. पारपत्र घेताना लंडनच्या नोकरीचा विचार होतो, बार्देशच्या घराचा आणि बहरीनच्या बँकेतील ठेवीचा होत नाही.

वचन, करार आणि मजुरी

करारांच्या बाबतीत ख्रिस्ती परंपरेचा ठसा वारशापेक्षा खोल आहे, आणि तो विचित्र मार्गाने बहरीनपर्यंत पोहोचला आहे. रोमन कायद्यात नुसत्या तोंडी वचनावरून दावा करता येत नसे. ठरावीक विधी किंवा ठरावीक प्रकारचा व्यवहार लागे. मध्ययुगीन चर्चच्या धर्मशास्त्रज्ञांनी याच्या उलट भूमिका घेतली. दिलेले वचन मोडणे हे असत्य बोलण्यासारखेच पाप आहे, म्हणून साधा करारही पाळलाच पाहिजे, हे तत्त्व पोप नववा ग्रेगरी याच्या १२३४ च्या आज्ञासंग्रहात आले. तेथून ते फ्रेंच विधिज्ञांकडे आणि १८०४ च्या फ्रेंच नागरी संहितेत गेले; कायदेशीररीत्या केलेला करार पक्षकारांसाठी कायद्याच्या जागी असतो, असे ती संहिता म्हणते. इजिप्तचे अब्द अल-रज्जाक अल-सन्हुरी यांनी १९४८ च्या इजिप्तच्या दिवाणी संहितेत फ्रेंच रचना आणि इस्लामी फिक्ह यांचा मेळ घातला, आणि बहुतेक अरब देशांनी तोच साचा वापरला. बहरीनची २००१ ची दिवाणी संहिता त्याच घराण्यातील आहे. करार हाच पक्षकारांचा कायदा, हे सूत्र अरबी वकिलांच्या तोंडी असते. मुस्लिम विधिज्ञाला त्यात परके काही वाटत नाही, कारण करार पूर्ण करण्याची आज्ञा कुराणाच्या पाचव्या सुऱ्याच्या आरंभीच आहे.

बहरीनमध्ये या आधी भारतीय कायद्याचा दीर्घ काळ गेला. १९१३ च्या राजाज्ञेने, जी १९१९ पासून अमलात आली, तेथील परदेशी लोकांवर ब्रिटिश पोलिटिकल एजंटच्या न्यायालयाचा अधिकार चाले आणि त्यात हिंदुस्थानातील अधिनियम वापरले जात. चलनही रुपयाच होता. दिनार आला १९६५ मध्ये. मनामातील व्यापारी आणि मुंबईचा अडत्या यांच्यात तंटा झाला, तर दोघांना परिचित असलेला १८७२ चा भारतीय करार अधिनियम हाताशी असे. बहरीनचा १९६९ चा करार कायदाही इंग्रजी वळणाचाच होता. स्वातंत्र्य १९७१ मध्ये आले आणि २००१ च्या संहितेने ते वळण मागे टाकले. त्यामुळे आजचा मराठी व्यावसायिक भारतीय करार कायद्याच्या सवयीने बहरीनमध्ये सही करतो तेव्हा चुकतो. मोबदल्याशिवाय करार बहुतांशी निरर्थक, हा पंचविसाव्या कलमाचा धडा तेथे त्या स्वरूपात नाही. ‘मोबदला ठरला नव्हता, म्हणून लिहून दिलेले बंधनकारक नाही’ हा युक्तिवाद मुंबईत जेवढा चालतो तेवढा मनामात चालेल असे धरून बसू नये.

आणि स्वतः चर्चचा कायदा काय म्हणतो? कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कॅनन संहितेचे पाचवे पुस्तक चर्चच्या मालमत्तेविषयी आहे. त्यातील १२९० वे कलम सांगते, की करारांबाबत त्या त्या प्रदेशाचा नागरी कायदा जे ठरवतो तेच चर्चच्या मालमत्तेसाठीही पाळावे. अपवाद फक्त तो दैवी नियमाविरुद्ध असेल किंवा कॅनन कायद्यात वेगळी तरतूद असेल तेव्हाचा. चर्चच्या मालमत्तेची मालकी नागरी कायद्याने वैध ठरेल अशा रीतीने सुरक्षित करावी, हेही व्यवस्थापकांवर बंधन आहे. म्हणजे मनामातील धर्मग्राम एखाद्या कंत्राटदाराशी करार करतो, तेव्हा कॅनन कायदाच त्याला बहरीनच्या दिवाणी संहितेकडे पाठवतो.

या देशात चर्चची मालमत्ता ही अमूर्त कल्पना नाही. अमेरिकन मिशनचे मेसन स्मारक रुग्णालय मनामात १९०३ मध्ये सुरू झाले. सेक्रेड हार्ट चर्च १९३९ मध्ये शासकांनी दिलेल्या जमिनीवर उभे राहिले. राजे हमद यांनी २०१३ मध्ये अवाली येथे सुमारे नऊ हजार चौरस मीटर जमीन दिली. तेथील ‘अवर लेडी ऑफ अरेबिया’ या कथीड्रलचे डिसेंबर २०२१ मध्ये उद्घाटन झाले. पुढच्याच वर्षी, ३ ते ६ नोव्हेंबर २०२२ या काळात पोप फ्रान्सिस बहरीनला आले.

त्या दौऱ्यातील सखीर राजवाड्याच्या भाषणात पोप फ्रान्सिस यांनी स्थलांतरित कामगारांचा विषय काढला. माणसाला माणूस म्हणून वागवणारे, सुरक्षित आणि सन्मानाचे काम सर्वांना मिळावे, असा त्यांचा रोख होता. वरवर पाहता हा करारशास्त्राचा विषय नाही. खरे तर येथेच ख्रिस्ती करारतत्त्व इंग्रजी तत्त्वापासून सर्वांत दूर जाते. पोप तेरावा लिओ याने १८९१ च्या ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात मांडले, की मजुरीवर दोघांनी मोकळेपणाने संमती दिली एवढ्यावरून ती न्याय्य ठरत नाही. काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचा निर्वाह होईल इतकी ती असलीच पाहिजे. भुकेपोटी कमी मजुरी कबूल करणे ही स्वेच्छा नव्हे. कॅनन संहितेचे १२८६ वे कलम हेच चर्चला मालक म्हणून लागू करते : कामगार कायदे काटेकोर पाळा आणि निर्वाहाला पुरेसे वेतन द्या. याउलट भारतीय करार अधिनियम सांगतो, की संमती स्वतंत्र असेल तर केवळ मोबदला अपुरा आहे म्हणून करार रद्दबातल होत नाही. रत्नागिरीचा किंवा नांदेडचा तरुण दलालापुढे सही करतो ती या दुसऱ्या तत्त्वाच्या छायेत, मग तो कोणत्याही धर्माचा असो.

बहरीनने २०१७ मध्ये प्रायोजकाशिवाय काम करू देणारा ‘फ्लेक्सी’ परवाना आणला आणि २०२२ च्या अखेरीस तो बंद करून दुसरी व्यवस्था आणली. परदेशी कामगाराची सेवासमाप्तीची रक्कम १ मार्च २०२४ पासून मालकाने दरमहा सामाजिक विमा संस्थेकडे भरायची आहे : पहिली तीन वर्षे पगाराच्या ४.२ टक्के, पुढे ८.४ टक्के. वारशाच्या दृष्टीने हा बदल मोठा आहे. पूर्वी विधवेला मृत पतीच्या कंपनीच्या दारात उभे राहावे लागे. आता निदान रक्कम एका सरकारी संस्थेत जमा असते.

कागदपत्रांचा मुद्दा

वारस ठरवणे आणि वारस असल्याचा कागद मिळवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आखातातील कुटुंबे अडतात ती दुसऱ्या ठिकाणी. भारतीय ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता वारला, तर वारसांनी न्यायालयाकडून प्रशासनपत्र घेतलेच पाहिजे असे १९२५ च्या अधिनियमात बंधन नाही. मृत्युपत्राच्या प्रोबेटची सक्तीही २००२ च्या दुरुस्तीने भारतीय ख्रिस्तींपुरती काढून टाकली. या सवलती घरच्या सोयीसाठी होत्या. परदेशी बँक किंवा न्यायालय मात्र शिक्कामोर्तब झालेला कागद मागते, आणि जो कागद भारतात आवश्यकच नाही तो मिळवण्यासाठी कुटुंबाला भारतात अर्ज करावा लागतो. महाराष्ट्रात यासाठी एक जुने हत्यार अजून शाबूत आहे : एल्फिन्स्टनच्या काळातील १८२७ चे मुंबई रेग्युलेशन आठवे, ज्याखाली दिवाणी न्यायालय वारस दाखला देते. बँकेतील येणे रकमांसाठी उत्तराधिकार प्रमाणपत्राचा वेगळा मार्ग आहे. भारत आणि बहरीन दोघेही आता अपोस्टिल कराराचे सदस्य असल्याने कागदाच्या साक्षांकनाचे टप्पे कमी झाले आहेत. अरबी भाषांतर मात्र टळत नाही.

मृत्युपत्र हा सर्वांत सरळ मार्ग, हे वकील सांगतातच. वसई किंवा नगरचा ख्रिस्ती माणूस आपली सर्व मालमत्ता हवी त्याला देऊ शकतो. दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. आईला वाटा द्यायचा असेल तर तो असाच देता येतो. धर्मग्रामाला किंवा धर्मादायाला द्यायचे असेल तरी आता आडकाठी नाही. पूर्वी होती : एकशे अठराव्या कलमानुसार जवळचे नातेवाईक असलेल्या ख्रिस्ती माणसाला मृत्यूच्या किमान बारा महिने आधी मृत्युपत्र करून ते सहा महिन्यांत जमा केल्याशिवाय धर्मादायाला मालमत्ता देता येत नसे. मृत्युशय्येवरील माणसाकडून चर्चने जमिनी घेऊ नयेत, या जुन्या इंग्रजी संशयाचे ते अपत्य होते. सर्वोच्च न्यायालयाने २१ जुलै २००३ रोजी ते कलम घटनाबाह्य ठरवले. गोव्याचा माणूस मात्र राखीव हिश्शाला हात लावू शकत नाही.

एक सापळा फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. ख्रिस्ती माणसाने केलेले मृत्युपत्र त्याच्या विवाहाने आपोआप रद्द होते. अधिनियमाचे एकोणसत्तरावे कलम. हिंदूंना ते लागू नाही, म्हणून कार्यालयातील हिंदू सहकाऱ्याचा सल्ला येथे कामाचा नाही. बहरीनच्या रुग्णालयात रुजू झालेली तरुण परिचारिका आईवडिलांच्या नावे मृत्युपत्र करते, तीन वर्षांनी तिचा विवाह होतो आणि तो कागद त्या दिवशी मृत होतो. विवाहाच्या नोंदवहीत सही करताना हे तिला कोणी सांगत नाही.

शेजारी काय घडते आहे

संयुक्त अरब अमिरातीने १ फेब्रुवारी २०२३ पासून मुस्लिमेतरांसाठी स्वतंत्र नागरी व्यक्तिगत कायदा अमलात आणला. अबू धाबीने त्याआधी २०२१ मध्येच तसे केले होते. तेथे मृत्युपत्र नसेल तर अर्धी मालमत्ता हयात जोडीदाराला आणि अर्धी मुलांना समान मिळते. स्वतःच्या देशाचा कायदा लावण्याची मागणी करण्याचीही मुभा आहे. सुरुवातीच्या उदाहरणात हे आकडे घातले, तर पत्नी ३६ हजार, मुले प्रत्येकी १८ हजार. गोव्याच्या वाटणीशी हे तंतोतंत जुळते, जरी एकीकडे पत्नी मालकीण म्हणून घेते आणि दुसरीकडे वारस म्हणून.

बहरीनने असा स्वतंत्र, तयार वाटणी असलेला मार्ग अवलंबलेला नाही. त्याची भूमिका प्रत्येकाला त्याच्या देशाच्या कायद्याकडे पाठवण्याची आहे. या भूमिकेत परक्या समाजाच्या रिवाजाचा मान अधिक आहे आणि अनिश्चितताही अधिक. अमिरातीत विधवेला आकडा लगेच कळतो, पण तो आकडा तिच्या समाजाने ठरवलेला नसतो. बहरीनमध्ये तो आकडा तिच्या देशाच्या संसदेने ठरवलेला असतो, पण तो सिद्ध करण्याचा खर्च तिच्यावर पडतो. मालमत्ता थोडी असेल तर हा खर्च वाट्याचाच एक भाग खाऊन टाकतो. बहरीनने २०२२ पासून ‘गोल्डन रेसिडेन्सी’ देऊन परदेशी मालमत्ताधारकांना दीर्घ वास्तव्याचे आमंत्रण दिले आहे. त्यामुळे नोकरी संपताच परतणाऱ्यांच्या जागी घर करून राहणाऱ्यांची, आणि म्हणून तेथेच मरण पावणाऱ्यांची संख्या वाढत जाणार.

भारतात समान नागरी कायद्याची चर्चा होते तेव्हा गोव्याचे उदाहरण हमखास दिले जाते. ती चर्चा विवाह आणि घटस्फोटाभोवती फिरते. परदेशातील मालमत्तेच्या वाटणीचा प्रश्न तिच्यात क्वचितच येतो. राज्याराज्यांत वेगळ्या संहिता झाल्या, तर मनामातील न्यायाधीशापुढे ‘भारताचा कायदा’ आणखी फुटीर रूपात जाईल. उत्तराखंडाची संहिता राज्याबाहेर राहणाऱ्या आपल्या रहिवाशांवरही हक्क सांगते. महाराष्ट्राच्या ख्रिस्ती कुटुंबांना आज तरी १९२५ चाच अधिनियम आहे : आईला वगळणारा, मुलीला समान मानणारा, पत्नीला मालकीण न करता वारस ठेवणारा, आणि विवाहाच्या दिवशी जुने मृत्युपत्र पुसून टाकणारा. जुफेरच्या त्या फ्लॅटच्या नोंदणीत पत्नीचे नाव पहिल्याच दिवशी घातले असते, तर निम्म्याचा वाद उद्भवलाच नसता.